वरखाली नळ्यांची बारा बोर: नागपुरात चौदा महिने वापरल्यानंतर

बंदूक १२ बोरची, इटालियन बनावटीची, एकावर एक नळ्यांची. नळ्या ३० इंची, चेंबर (काडतूस बसते तो नळीचा भाग) ७० मिलिमीटरचे, चोक (नळीचे तोंड आवळणारे तुकडे) फिरवून बदलता येणारे, कॉम्ब (गाल टेकतो ती दस्त्याची वरची कड) वरखाली करता येणारा, वजन ३.६ किलो. चौदा महिन्यांत हिच्यातून तीन हजारांहून थोडी जास्त काडतुसे गेली. जवळजवळ सगळी ट्रॅपवर, म्हणजे समोर दूर उडत जाणाऱ्या मातीच्या चकत्यांवर, थोडी स्कीटवर, म्हणजे दोन बाजूंनी आडव्या जाणाऱ्या चकत्यांवर.

बंदूक निवडताना पहिला प्रश्न "कोणती कंपनी" हा नसतो, "हिने मारायचे काय" हा असतो. विदर्भात अजूनही पुष्कळ लोक जुन्या शिकारीच्या हिशेबाने बंदूक बघतात: हलकी हवी, खांद्यावर टाकून चालता यायला हवे, बाजूबाजूच्या नळ्यांची दुनाळी हवी. इंग्लंडात शेताच्या बांधाने कुत्रा घेऊन हिंडत ससा-तितर मारायची रीत आहे आणि ती हलकी बंदूक त्या कामाची. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दार बंद केले, आणि ते बंदच राहावे. म्हणजे आपल्या बंदुकीची प्रत्येक गोळी मातीच्या चकतीवरच जाणार. न चालायच्या पायपिटीसाठी हलकी बंदूक घ्यायची आणि दिवसाला शंभर काडतुसांचे धक्के खांद्यावर घ्यायचे, यात काही अर्थ नाही. काडतूस तेच ठेवले तर धक्क्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या उलट प्रमाणात जाते. तीन किलोच्या जागी ३.६ किलो घेतले की धक्का सहाव्या हिश्शाने उतरतो. पहिल्या पंचवीस चकत्यांना हा फरक जाणवत नाही. चौथ्या फेरीत मात्र हलक्या बंदुकीचा नेमबाज चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो.

दुसरे कारण परवान्याचे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. ट्रॅपला एक, स्कीटला एक, घरी एक अशी चैन आता नाही. त्यामुळे एकाच बंदुकीला दोन्ही खेळ झेपले पाहिजेत, आणि फिरते चोक व हलता कॉम्ब या दोन गोष्टींचे पैसे तिथे वसूल होतात. नळ्यांची लांबीही त्याच हिशेबाने ठरवली. निव्वळ ट्रॅपवाले ३० ते ३२ इंच घेतात, स्कीटवाले २८ ते ३०. तीस इंच दोन्हीकडे चालते.

आता दस्ता, कारण खरी गोष्ट इथेच आहे. छऱ्याच्या बंदुकीला मागची साइट नसते, नेमबाजाचा डोळा हीच मागची साइट. गाल दस्त्यावर जिथे टेकेल तिथे डोळा येणार आणि डोळा जिथे येईल तिथे छर्रे जाणार. कॉम्ब दीड मिलिमीटर उचलला की पंधरा मीटरवर छऱ्यांचा मध्य साधारण अडीच सेंटिमीटर वर सरकतो. पस्तीस मीटरवर तोच फरक सहा सेंटिमीटरच्या आसपास जातो. चकतीचा व्यास ११० मिलिमीटर, उंची पंचवीस-सव्वीस मिलिमीटर. हिशेब सरळ आहे.

मोजणी अशी केली. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहून, डोळे मिटून ती खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, मग डोळे उघडायचे. मान न हलवता रिबवरचे, म्हणजे नळीच्या माथ्यावरच्या पट्टीवरचे, दोन मणी एकावर एक, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे दिसले तर ट्रॅपसाठी ठीक. पुढचा मणी मागच्याने झाकला गेला तर कॉम्ब खाली आहे. दोन मण्यांमध्ये रिबची पट्टी उघडी दिसली तर कॉम्ब फार वर आहे. मणी डावीउजवीकडे सरकलेले दिसले तर दस्त्याचा आडवा कल चेहऱ्याला जुळत नाही. त्यानंतर पंधरा मीटरवर मोठा कागद लावून, सगळ्यांत आवळ चोक घालून एकाच ठिपक्यावर पाच बार. छर्रे साठ टक्के ठिपक्याच्या वर आणि चाळीस टक्के खाली पडले. ट्रॅपची चकती वर चढत असते, म्हणून ही उंची हवीच, नळी चकतीवर चढवून तिला झाकावे लागत नाही. स्कीटसाठी कॉम्ब दोन मिलिमीटर खाली घेतला की वाटणी निम्मीनिम्मी होते. कॉम्बच्या खालच्या दोन दांड्यांवर पातळ वॉशर असतात, प्रत्येक बैठकीला किती होते ते वहीत लिहून ठेवावे. अंदाजाने परत बसवलेला कॉम्ब परत तसा बसत नाही.

डोळ्याची परीक्षा याच्याही आधीची. दोन्ही हात पुढे करून बोटांच्या त्रिकोणातून दूरचा दिवा पाहा, मग एकेक डोळा मिटा. उजव्या खांद्यावर बंदूक आणि जोर डाव्या डोळ्याचा असेल तर कितीही भारी बंदूक घ्या, चकती डावीकडून सुटत राहील. चष्म्याच्या डाव्या काचेवर, मणी दिसतो नेमक्या त्या जागी, धुरकट टेपचा छोटा तुकडा लावला तरी भागते.

दस्त्याच्या लांबीवर आपल्या हवेचा परिणाम होतो, आणि दुकानात उभे राहून तो कळत नाही. मे महिन्यात अंगात पातळ सुती शर्ट असतो, जानेवारीच्या सकाळी स्वेटर आणि त्यावर नेमबाजीचे जाकीट. एवढ्याने पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडतो. उन्हाळ्यात नेमके बसलेले माप हिवाळ्यात काखेत अडकते आणि दस्ता खांद्याऐवजी दंडावर बसतो, मग काळेनिळे वळ. या बंदुकीच्या रबरी पॅडमागे सहा मिलिमीटर जाडीची पट्टी आहे. ती दिवाळीनंतर काढायची आणि मार्चमध्ये परत घालायची. दोनच स्क्रू आहेत, पण पॅडला चिरे पडू नयेत म्हणून पेचकसाच्या दांडीला साबण लावून मगच तो आत घालावा.

चोकबद्दल जितके बोलले जाते तितके त्यात नाही. अर्धा चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी साधारण अर्धा मिलिमीटर आवळ, पूर्ण म्हणजे साधारण एक. ट्रॅपला खालच्या नळीत, म्हणजे पहिल्या बाराला, अर्धा किंवा पाऊण आणि वरच्या नळीत पूर्ण. स्कीटला दोन्हीकडे स्कीट चोक, म्हणजे अगदी थोडा आवळ. कागदावर एकदा तपासून घेतले की पुन्हा विचार करायचा नाही. त्रास होतो तो चोक ढिला होण्याचा. नळी तापली की पंचवीस-तीस बारांनंतर चोक हाताने फिरवण्याइतका सैल होतो. चोक पुढे सरकून कड उघडी पडली की छर्रे तिच्यावर आदळतात, चोक फुगतो आणि मग तो निघता निघत नाही. प्रत्येक फेरीनंतर बंदूक रिकामी करून, मोडून (बिजागरीवर उघडून), किल्लीने चोक घट्ट आहे ना ते बघायचे. आट्यांना ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. चोक न लावता बार काढू नये, नळीच्या आतल्या आट्या एकाच दिवसात खराब होतात.

काडतुसे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ट्रॅप आणि स्कीटला छऱ्यांचे वजन जास्तीत जास्त २४ ग्रॅम. साडेसात नंबरचे धरले तर एका काडतुसात तीनशेच्या आसपास छर्रे येतात, नऊ नंबरचे पाचशेच्या जवळ. सराव याच वजनावर करावा. घरी पडलेली जड काडतुसे संपवायला म्हणून चकतीवर उडवली तर फायदा काहीच नाही, खांदा मात्र बिघडतो. या बंदुकीचा चाप पहिल्या बाराच्या धक्क्यावर दुसऱ्या नळीकडे सरकतो, आणि हा तिचा सगळ्यांत मोठा दोष म्हणावा लागेल. दस्ता खांद्याला सैल धरला आणि २४ ग्रॅमचे मऊ काडतूस असले की कधीकधी चाप सरकतच नाही, दुसरा बार अडकतो. पहिले काडतूस फुसके निघाले तर दुसरी नळी आपोआप लागणारच नाही, बटण हाताने बदलावे लागते. ट्रॅपमध्ये दुसऱ्या बाराला तेवढा वेळ नसतो. जिला धक्क्याची गरज नाही अशा यांत्रिक चापाची बंदूक बजेटमध्ये बसत असेल तर तीच घ्यावी. नुसत्या ट्रॅपसाठी हा फरक लाकडावरच्या नक्षीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

काडतूस पेटले नाही तर नळी चकतीच्या दिशेलाच ठेवून तीस सेकंद थांबायचे, मग मोडायची. बार झाला पण आवाज दबका आला, धक्का लागलाच नाही, तर पुढचा बार काढण्याआधी नळीतून आरपार उजेड पाहायचा. आत वॅड (दारू आणि छऱ्यांमधला बोळा) अडकलेला असताना पुढचा बार गेला तर नळी फुगते किंवा फाटते. वीस बोरचे काडतूस बारीक असल्याने बारा बोरच्या नळीत पुढे सरकून अडकते आणि त्यावर बारा बोरचे बसते. वीस बोरची टरफले पिवळी ठेवतात ती याचसाठी. दोन्ही बोरची काडतुसे एका पिशवीत कधीही ठेवू नयेत.

घरातली जुनी दुनाळी चकतीसाठी बाहेर काढणाऱ्यांना कळकळीने सांगणे आहे: तिचे चेंबर मोजून घ्या. जुन्या बाजूबाजूच्या बंदुकांची चेंबर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरची असतात. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात आरामात बसते, कारण न उडालेले काडतूस घडी घातल्यामुळे आखूडच असते. पण उडताना ती घडी चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात उघडते आणि दाब वाढतो. नळ्यांवरचे प्रूफचे (दाबाच्या चाचणीचे) शिक्के बघणे, आतून खळगे आणि फुगवटा तपासणे, फोरएंड (नळ्यांखालचे पुढचे लाकूड) काढून नळ्या हलवून खेळ आहे का पाहणे, बंद केल्यावर वरचा, बंदूक उघडायचा खटका मधल्या रेषेच्या उजवीकडे थांबतो की डावीकडे गेला आहे हे बघणे, हे सगळे जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे. सेकंडहँड घेतानाही हीच तपासणी. खटका मध्याच्या डावीकडे गेला असेल तर कुलूप झिजले आहे असे समजून किंमत बोलावी.

आता नागपूर. मे महिन्यात ४५ अंश सहज होतात, नवतप्यात त्याहूनही वर. गाडीच्या डिकीत ठेवलेली काडतुसे याच्याही वर तापतात, आणि तापलेली दारू जास्त दाब देते. थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाशिवाय, मागच्या सीटखाली ठेवली की पुरते. सराव सकाळी साडेनऊच्या आत संपवावा. नंतर पांढऱ्या आभाळात नारिंगी चकतीची कड पुसट होते, लालसर काचेने थोडी मदत होते.

गंज मात्र पावसाळ्यात धरतो असे समजून बसू नये. आपल्याकडे मार्च ते जून घरोघरी कूलर चालतो, आणि ज्या खोलीत कूलर त्याच खोलीत बंदुकीचे कपाट असले तर ऐन मे महिन्यात रिबच्या कडेला तांबूस ठिपके येतात. या बंदुकीवर ते आले. कपाट कूलर नसलेल्या खोलीत हलवल्यावर थांबले. प्रवासाची पेटी फोमची असते आणि फोम ओल धरून ठेवतो, म्हणून घरी आल्यावर बंदूक पेटीत राहू देऊ नये. सिलिका जेल महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत ठेवावे. तेल कमी लागते: नळ्यांवर तेलाचा ओलसर फडका, बिजागरीच्या पिनांवर मुगाच्या दाण्याएवढे ग्रीस, बस. उन्हाळ्याच्या धुळीत जास्तीचे तेल धूळ खेचते आणि त्याचा खरवडणारा लगदा होतो. इजेक्टर (टरफले बाहेर फेकणारे भाग) चिकटले ते यामुळेच. रॉकेलने धुऊन, पुसून, एकेक थेंब तेल दिल्यावर टरफले पुन्हा दोन मीटर मागे पडू लागली. लाकूड उन्हाळ्यात आटते, जुलैत फुगते. जूनच्या शेवटी पॅड काढून दस्त्याचा लांब बोल्ट तपासला तर पाव फेरा सैल निघाला. सैल दस्त्यावर बार काढत राहिले की लाकडाला मुठीजवळ तडा जातो.

ट्रॅप-स्कीटसाठी भोपाळ, दिल्ली, जयपूरकडे जायचे असेल तर परवान्यावरचे क्षेत्र आधी वाचा. फक्त महाराष्ट्रापुरता परवाना असेल तर तो सीमेपलीकडे चालत नाही. रस्ता अभयारण्यातून जातो का हेही बघा. वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात शस्त्र नेण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी लागते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला कलम ३४ खाली नावनोंदणीही करावी लागते. उमरेड-कऱ्हांडला, बोर, मानसिंगदेव या बाजूंच्या गावांतल्या लोकांनी हे विसरू नये.

कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. छऱ्याच्या बंदुकीचा बार १५० डेसिबलच्या वर जातो. सराव संपल्यावर पाण्याची बाटली तोंडाला लावण्याआधी हात साबणाने धुवा, हातावर शिसे असते.

तीन हजार बारांनंतरची झीज अशी: कुलपाची पकड जशीच्या तशी, खटका अजून उजवीकडे. खालच्या नळीच्या फायरिंग पिनचे टोक किंचित चपटे झाले आहे, म्हणून एक जादा पिन मागवून ठेवली. घरी सरावासाठी स्नॅप कॅप (पिनला झटका बसू न देणारी खोटी काडतुसे) वापरतच होतो, तरी ट्रॅपमध्ये खालची नळी आधी उडते म्हणून तिची झीज जास्त. कॉम्बच्या दांड्यांचा एक स्क्रू दर तीन-चारशे बारांनी सैल होतो. निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब दिल्यापासून तो जागेवर आहे.