गांजाच्या कराचा पैसा: संस्थांना द्यावा की थेट घरांत?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात गांजाची विक्री कायदेशीर आहे. तिथे गांजाच्या दुकानावर राज्याचे कर असतातच, शिवाय शहरालाही तीन टक्क्यांपर्यंत स्वतःचा कर लावता येतो. दुकानं येऊ द्यायची का, यावर शिकागोच्या नेपरव्हिलसारख्या उपनगरात २०२० मध्ये मतदान झालं आणि लोकांनी होकार दिला. दुकान आलं की कर येतो, आणि मग सिटी कौन्सिलच्या बैठकीत कुणीतरी विचारतंच: हा पैसा रस्त्यांवर घालायचा, की ज्यांची पोरं याच गांजापायी तुरुंगात गेली त्यांच्याकडे वळवायचा? तुमचा कौल रस्त्यांना असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. दुसरी बाजू पटत असेल, तर त्याच राज्यात दोन तयार नमुने आहेत आणि दोन्हींची चाल अगदी वेगळी आहे.

आधी मूळ दुखणं. गांजा ओढण्याचं प्रमाण गोऱ्या आणि काळ्या लोकांत साधारण सारखंच. तरी २०१८ च्या आकड्यांवरून अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने काढलेल्या हिशेबात काळ्या माणसाला गांजापायी अटक होण्याची शक्यता गोऱ्याच्या ३.६४ पट निघाली.

पहिला नमुना राज्याचा. गव्हर्नर प्रित्झकर यांनी जून २०१९ मध्ये कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी २०२० पासून विक्री सुरू झाली. प्रशासनाचा आणि गांजाच्या जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी पुसण्याचा खर्च वजा जाता उरलेल्या करातले २५ टक्के ‘आर थ्री’ या योजनेला जातात. (त्याच करातले ८ टक्के स्थानिक पोलिसांच्या कामासाठी ठेवले आहेत, ही गंमत कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आली नसेल असं वाटत नाही.) पैसा व्यक्तीला मिळत नाही, संस्थेला मिळतो: कायदेशीर मदत, तुरुंगातून परतलेल्यांना उभं करणं, हिंसा रोखणं, मुलांसाठीचं काम, रोजगार. जानेवारी २०२१ मध्ये पहिल्या फेरीत ८० संस्थांना मिळून ३.१५ कोटी डॉलर जाहीर झाले.

यातली हुशारी वस्त्या निवडण्यात आहे. कुणाचा वंश विचारायचाच नाही. गोळीबारात जखमी झालेले किती, गरीब मुलं किती, बेकारी किती, तुरुंगात गेलेले आणि परतलेले किती, हे आकडे मांडायचे आणि नकाशावर वस्ती ठरवायची. कोर्टात हे टिकायला सोपं. उणीव अशी की अर्ज लिहिणं हाच एक धंदा आहे. ज्या संस्थेकडे पगारी अर्ज लिहिणारा आणि ऑडिट केलेली वही आहे ती पुढे जाते. चर्चच्या तळघरात पोरांचा अभ्यास घेणाऱ्या बाईंचं पहिल्याच पानावर अडतं.

दुसरा नमुना शिकागोला उत्तरेकडून खेटून असलेल्या इव्हॅन्स्टन शहराचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्या कौन्सिलने ठरवलं की गांजाच्या स्थानिक करातले पहिले एक कोटी डॉलर काळ्या रहिवाशांच्या नुकसानभरपाईसाठी. पुढाकार रॉबिन रू सिमन्स यांचा. मार्च २०२१ मध्ये घरांची योजना ८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाली: प्रत्येकी २५,००० डॉलर, घराचं डाउन पेमेंट, कर्जफेड किंवा दुरुस्ती यांसाठी. विरोधातलं एकमेव मत सिसिली फ्लेमिंग यांचं होतं, आणि त्या स्वतः काळ्या. ही भरपाई नव्हे, नुसती गृहयोजना आहे, लोकांच्या हाती त्यांचाच पैसा द्यायला तुम्ही कचरता, असा त्यांचा आक्षेप. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही बरोबर वाटलं होतं. २०२३ मध्ये शहराने रोख रकमेचा पर्याय दिलाच.

पात्रतेत मात्र गांजाचा संबंधच नाही. १९१९ ते १९६९ या काळात शहरात राहिलेले काळे लोक आणि त्यांचे वंशज, म्हणजे काळे म्हणून घरं नाकारली गेलेल्यांची पिढी. पैसा गांजाचा, जखम घरांची. शिवाय सुरुवातीला शहरात दुकान एकच, त्यामुळे तिजोरी थेंबाथेंबाने भरत होती. जानेवारी २०२२ मध्ये पहिली १६ नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढावी लागली, आणि काही अर्जदार पैसे हाती येण्याआधीच वारले. शेवटी घरखरेदीच्या हस्तांतरण कराचा आधार घ्यावा लागला. वंशावर पात्रता ठेवल्यामुळे २०२४ मध्ये शहरावर खटलाही दाखल झाला.

कॅलिफोर्निया एका धड्यापुरतं. त्या राज्यात अशा संस्थांसाठी गांजाच्या कराची टक्केवारी नाही, रकमाच ठरवून दिल्या: २०१८-१९ मध्ये एक कोटी डॉलर, दरवर्षी एक कोटीने वाढत पाच कोटींपर्यंत. विक्री घसरली तरी संस्थेला पुढच्या वर्षाचा अंदाज असतो. लहान शहराला असा शब्द देणं परवडणारं नाही, तेवढा गल्लाच नसतो.

मला मत द्यायचं असतं तर? कर वर्षाला काही लाख डॉलरच येणार असेल, तर अनुदान कार्यालय उघडूच नये. पैसा पगारांतच जिरेल. इव्हॅन्स्टनसारखं थेट घरात द्यावं, पण चाळणी राज्याची वापरावी: वंश नव्हे, तर गांजाची अटक किंवा शिक्षा झालेली व्यक्ती आणि तिची वस्ती. जुनं रेकॉर्ड पुसायला वकील लागतोच, तेवढं एक काम संस्थेकडे द्यावं. कर मोठा असेल आणि आजूबाजूला कामाच्या संस्था असतील, तर राज्याचा नमुना बरा. फक्त लहान संस्थांसाठी दोन पानी अर्ज वेगळा ठेवा.

आणि घरांना द्यायचं ठरलं, तर अर्जात पहिल्या दिवसापासून एक रकाना असू द्या: रक्कम खात्यात हवी, की घरदुरुस्तीच्या बिलावर. इव्हॅन्स्टनला तो दोन वर्षांनी सुचला.