मठाची वाइन की कंपनीची?

वाइनसाठी द्राक्षं लावू पाहणाऱ्या जुन्नरकडच्या बागायतदारांनी दोन वाटा नीट बघाव्यात.

एक घरचीच. शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात नारायणगावला शाम्पेनच्या पद्धतीची फेसाळ वाइन करून परदेशात पाठवली. ही मोठीच कामगिरी! पुढे मात्र त्यांच्या कंपनीने झपाट्यानं हातपाय पसरले, कर्ज डोईजड झालं आणि डोलारा कोसळला.

दुसरी वाट फ्रान्समधल्या कान शहरासमोरच्या सेंट-ऑनोरा बेटावरची. तिथं पाचव्या शतकापासून मठ आहे. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे साधू जेमतेम आठ हेक्टरांवर सिरा, शार्दोने या वाइनच्या द्राक्षजाती लावतात. प्रार्थनेच्या वेळा सांभाळून द्राक्षं हातानं खुडतात, मग वाइन ओकच्या पिंपात मुरू देतात. बेट वाढत नाही, त्यामुळे बाटल्याही मोजक्याच. साहजिकच भाव चढा.

अर्थात मठाला घरभाडं नाही, मुलांची फी नाही. बागायतदाराला हप्ता चुकत नाही. तरीही मी मठाच्याच बाजूनं आहे: आधी दोन एकर, वेल जुनी होऊ द्यावी, विस्तार नंतर.