मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल: घेताना आणि वाचताना

देवाला स्वतः ओळखायचं म्हणून बायबल घेत असाल, तर खिशातली छोटी प्रत नको. मोठ्या अक्षरांची, शिलाई बांधणीचीच घ्या. दुकानात ती मधोमध, स्तोत्रसंहितेपाशी उघडून पाहा. पान सपाट पडलं आणि घडीत दोरा दिसला, तर शिलाई आहे. नुसत्या गोंदाची बांधणी नागपूरच्या मे महिन्यात कोरडी पडून तडकते, मग उत्पत्तीची, म्हणजे पहिल्याच पुस्तकाची, पानं सुटायला लागतात. कागद पातळच असतो. पेनची शाई मागे उमटते, म्हणून खुणा शिसपेन्सिलीनेच करा. संदर्भवचनं (त्याच विषयावरची बायबलमधली इतर वचनं कुठे आहेत ते) दिलेली प्रत मिळाली, तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

पहिल्या पानापासून सुरुवात केली की बऱ्याच जणांचं वाचन लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकात अडकतं. योहानाच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या पुस्तकापासून, सुरू करा: 21 अध्याय, रोज एक. वाचा, येशू इथे काय म्हणतो ते एका ओळीत लिहा, आणि तेच धरून त्याच्याशी बोला. वऱ्हाडीत बोललात तरी तो ऐकतो! नुसती पाठ प्रार्थना उरकली की ओळख तिथेच थांबते. मन अपराधी असेल त्या दिवशी स्तोत्र 51 मोठ्याने वाचा. दावीद राजाने त्यात आपल्या पापाबद्दल काहीच लपवलेलं नाही.