एस२०००चे ट्रॅकचे टायर: पुढे २२५ आणि मागे २५५, की चारही २५५?

होंडा एस२००० ही दोन आसनी स्पोर्ट्स कार घेऊन ट्रॅकवर जाणारे टायरचा विचार बहुतेक वेळा ब्रँडपासून सुरू करतात. माझं मत असं की आधी माप ठरवावं, आणि त्यातही पुढच्या आणि मागच्या मापातला फरक. ब्रँड नंतर. माझी गाडी २००६ची, म्हणजे एपी२ (पहिली आवृत्ती एपी१, नंतरची एपी२). ब्रिजस्टोनचे पोटेन्झा आरई-७१आरएस मी तिच्यावर दोन्ही तऱ्हांनी वापरले आहेत. आधी पुढे २२५/४५ आर१७ (२२५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ४५ टक्के बाजूच्या भिंतीची उंची, १७ इंची रिम) आणि मागे २५५/४० आर१७ असे होते, आता चारही चाकांना २५५/४० आर१७ आहेत. टायर तोच आणि ट्रॅकही तेच, कॅलिफोर्नियातलं विलोजजवळचं थंडरहिल आणि अधूनमधून लागुना सेका. गाडीचा स्वभाव मात्र पार बदलला.

होंडानं स्वतः काय केलं ते आधी पाहू, कारण मापाच्या खेळाचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. १९९९मध्ये आलेल्या एपी१ला १६ इंची चाकं होती, पुढे २०५/५५ आणि मागे २२५/५०. फरक २० मिलिमीटर. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग सुटतो, अशी या गाडीची ख्याती झाली. २००४मध्ये १७ इंची चाकं आली, तेव्हा पुढे २१५/४५ आणि मागे २४५/४०. दोन्हीकडे रबर वाढलं, पण मागे जास्त. फरक ३० झाला. सोबत सस्पेन्शनही बदललं. नंतर अमेरिकेत सीआर ही आवृत्ती आली, कापडी छप्पर काढलेली, मोठा विंग लावलेली, ट्रॅकसाठीच घडवलेली. तिलाही पुढे २१५च ठेवले आणि मागे २५५ दिले. फरक ४०!

कंपनीचं हे वागणं मला पटतं. चावी कोणाच्या हातात जाणार हे तिला ठाऊक नसतं. पुढचे टायर आधी हरले तर गाडी रुंद जाते, माणूस दचकून पाय उचलतो आणि गाडी आपोआप सावरते. मागचे आधी हरले तर तोच दचका गाडी फिरवतो. म्हणून गाडी थोडी अंडरस्टिअरकडे, म्हणजे पुढचे टायर आधी सुटण्याकडे, झुकलेली ठेवायची.

याची किंमत थंडरहिलच्या दोन नंबरच्या वळणावर मोजावी लागते. जवळजवळ अर्धवर्तुळाचं, संपता न संपणारं डावं वळण आहे ते. टायरवरचं ओझं दुप्पट झालं म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. इथे सगळं वजन उजव्या बाजूला कलतं आणि पुढचा उजवा टायर आधी दमतो. २२५वर असताना मी इथे स्टिअरिंग धरून फक्त वाट बघत असे. नाक बाहेर सरकत राहतं, आणखी वळवलं तर आणखी सरकतं. पिटमध्ये परतल्यावर वाकून पाहिलं की सगळं कळायचं. टायरच्या बाहेरच्या खांद्यावरच्या (कडेच्या) रबरी ठोकळ्यांच्या कडा गोल झालेल्या, रबराच्या बारीक सुरळ्या चिकटलेल्या, आणि आतला पट्टा मात्र जवळपास कोरा. टायरचं तापमान मोजणाऱ्या पायरोमीटरची सुई टोचली तरी तेच, बाहेरची बाजू आतल्यापेक्षा स्पष्ट गरम.

इथेच मला ठासून सांगावंसं वाटतं. ही खूण पाहून लगेच रुंद टायर मागवू नका. यातला बराचसा दोष मापाचा नसतो, कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या उभ्या झुकावाचा असतो. कारखान्यातून पुढच्या चाकांना निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) जेमतेम अर्धा अंश मिळतो. तेवढ्यावर कितीही रुंद टायर लावला तरी तो खांद्यावरच उभा राहणार. आधी अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळवणी) करून घ्या, मिळेल तेवढा कॅम्बर पुढे घ्या. त्याच २२५नी दुसऱ्या वळणात नाक कितीतरी आधी वळायला लागतं, तेही टायरचा एक पैसा न मोजता.

एपी१वाला एक मराठी मुलगा पॅडॉकमध्ये भेटला होता. म्हणाला, "दादा, मला मागच्या भागाची भीती वाटते, नुसते मागेच २५५ टाकतो." मी म्हटलं, "अरे, भीती जाईल, पण दुसऱ्या वळणात गाडी वळणारच नाही. पुढचेही वाढव." त्याला मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. एपी२ची मूळ १७ इंची चाकं मिळवायची आणि त्यांवर २२५ आणि २५५ चढवायचे. पुढचं चाक ७ इंच रुंद आहे, मागचं साडेआठ. दोन्ही मापं त्यांवर नीट बसतात. फरक ३०चाच राहतो, म्हणजे एपी२ला कंपनीनं दिला तितकाच, आणि रबर दोन्हीकडे १० मिलिमीटरनं वाढतं.

या जोडीचा आणखी एक मोठा गुण सहसा कोणी सांगत नाही. २२५/४५ची उंची भरते सुमारे ६३४ मिलिमीटर आणि २५५/४०ची सुमारे ६३६, म्हणजे जवळपास सारखीच. पुढे मूळ मापाचे २१५/४५ ठेवले तर ते ६२५चे, मागच्यापेक्षा चांगले दहा मिलिमीटरनं बुटके. २००६पासूनच्या गाड्यांत व्हीएसए, म्हणजे गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा आहे. ती आणि एबीएस, दोन्ही चारही चाकांच्या वेगांची तुलना करत असतात. त्यांना जेवढं कमी गोंधळात टाकाल तेवढं बरं. टायर घेताना नुसती रुंदी न बघता हा गुणाकार कागदावर करून पाहावा: रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचा व्यास (इंचांचे मिलिमीटर करून).

आता चारही २५५. याला चारही चाकं ९ इंच रुंद लागतात. माझी +६३ ऑफसेटची (चाक कितपत आत बसतं त्याचं माप) आहेत. पुढे तीन अंशांच्या आसपास कॅम्बर घेतला आणि फेंडरची आतली कड वळवून घेतली. एवढं केल्यावर दुसऱ्या वळणात जे होतं त्याचा आनंद मला अजून ओसरलेला नाही. नाक आत शिरतं आणि शिरलेलं राहतं, आणि ॲक्सिलरेटर कितीतरी आधी देता येतो. लागुना सेकाच्या दुसऱ्या वळणात, त्या दुहेरी टोकाच्या हेअरपिनमध्येही तेच.

पण आठव्या वळणाचं ऐका. थंडरहिलचं आठवं वळण वेगवान डावं आहे. तिथे मनात शंका आली आणि पाय जरा उचलला, की मागचा भाग हलका झाल्याचं थेट सीटमधून कळतं. पुढची पकड वाढली, मागची आहे तेवढीच राहिली, मग तोल मागून सुटणारच. त्यावर मी पुढे जाड अँटीरोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) बसवला आणि मागच्या चाकांचा टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत वळलेली असणं, थोडा वाढवला. त्यानंतरच गाडी विश्वासाची झाली. या दोन कामांशिवाय चारही २५५ लावू नयेत, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

फायदा खिशालाही आहे. या दोन्ही ट्रॅकवर गाडी घड्याळाच्या उलट दिशेनं धावते, त्यामुळे उजवी जोडी आधी झिजते, त्यातही पुढची. चारही एकाच मापाचे असले की पुढचे मागे टाकून झीज वाटून घेता येते. २२५–२५५मध्ये ती सोय नाही. पुढचे संपले की नवीनच घ्यायचे.

खुद्द आरई-७१आरएसबद्दल फार लिहायला नको, कारण टायर उत्तम आहे. चटकन गरम होतो, बाजूची भिंत ताठ असल्यानं स्टिअरिंगला लगेच उत्तर देतो, आणि ब्रेकवर गाडी जमिनीत रोवल्यासारखी थांबते. ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकेल त्याचा आकडा, २०० आहे. हा आकडा कंपन्या स्वतःच ठरवतात, म्हणून दोन ब्रँडची तुलना त्यावरून करू नये. हवा मी गरम टायरमध्ये ३३–३४ पीएसआयच्या आसपास ठेवतो, सत्र संपल्या संपल्या मोजून. सकाळी गार असताना भरलेली हवा तशीच राहू दिली तर विलोजच्या उन्हाळी दुपारी दाब कुठल्या कुठे जातो.

पहिल्या वर्षी मात्र हा टायर घेऊ नये, माप कुठलंही असो. शिकताना मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एससारखा ३०० ट्रेडवेअरचा टायर बरा. तो सुटायच्या आधी ओरडून सांगतो, जास्त टिकतो, आणि घरी येताना पाऊस लागला तरी काळजी नसते. तेव्हाही मापाची जोडी २२५–२५५ किंवा सरळ कंपनीची २१५–२४५ ठेवावी. चारही २५५चा विचार मागचा भाग पायानं सांभाळता यायला लागल्यावर, आणि अँटीरोल बारचे पैसे बाजूला ठेवल्यावरच करावा.