‘तुमची मातीच खराब’ म्हणत मला दोनदा फसवलं

लातूरला आमचं घर नव्या लेआउटमध्ये आहे. प्लॉट खोलगट होता, म्हणून बांधकामाच्या वेळी मुरूम आणि राडारोडा टाकून भराव केला. त्यावर चार बोटं लाल माती पसरून लॉन अंथरलं. दोन वर्षांतच गवत पिवळं पडायला लागलं. खुरपं मारलं की खणकन दगडाला लागतं आणि मोठा पाऊस झाला की कोपऱ्यात दोन-दोन दिवस पाणी हटत नाही. माती वाईट आहे हे मला माहीत होतं. त्या माणसाने नेमकं तिथेच बोट ठेवून मला लुबाडलं.

दसऱ्यानंतर तो लॉन कापायला म्हणून आला. बोलायला गोड, पहिल्या दिवसापासून ‘मॅडम’ न म्हणता ‘ताई’ म्हणणारा. मोबाइलवर त्याने श्रीनगरच्या ट्युलिप बागेचे फोटो दाखवले. म्हणाला, "ताई, हे कंद लॉनमध्येच लावायचे. फेब्रुवारीत गवतातून फुलं वर येतात." मी विचारलं, आपल्या उन्हात कसं जमेल? त्याचं उत्तर तयार होतं: "दिल्लीत रस्त्याच्या कडेला फुलतात की, मग लातूरला कामून नाही?" दिल्लीचे फोटो मीही पाहिले होते. मला पटलं.

१२० रुपयांना एक असे ४० कंद घेतले. ४,८०० रुपये फोनवरून दिले, पावती मागितली नाही. त्याने लॉनमध्ये भोकं पाडून कंद लावले आणि प्रत्येकापाशी लाल टोकाची काडी रोवली.

डिसेंबर अर्धा सरला तरी काही ठिकाणी नुसती दोन-चार बारीक पानं. त्याला बोलावलं तर बसून माती चोळली आणि मान हलवली. "ताई, कंद एक नंबर आहेत. तुमची मातीच खराब." मग ‘जमीन सुधारक’ म्हणून ६५० रुपयांचं एक अशी सहा पोती उतरवली. आणखी ३,९०० रुपये गेले. त्याच भेटीत त्याच्या पोराने लॉनवर मशीन फिरवलं आणि आलेली पानंही कापून टाकली. मी पाहत होते, पण काही बोलले नाही.

फेब्रुवारी संपला, एक फूल नाही. माझा भाचा परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला. तो आला आणि आम्ही कंद उकरले. चाळीसपैकी २७ हाती लागले, त्यातले बरेच सडलेले. कामाला येणाऱ्या बाईंनी एक कंद नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "ताई, ह्याला तर कांद्याचा वास येतोय वो." कापून पाहिलं तर खरंच कांदा, बाजारात गोल्टी म्हणून विकतात तो. असे ११ निघाले. ट्युलिपच्या कंदाला तसला उग्र वास नसतो.

उरलेले मात्र खरे होते. ते का फुलले नाहीत हे भाच्याने समजावलं. ट्युलिप, डॅफोडिल, हायसिंथ यांच्या कंदाला जमिनीत साधारण १२ ते १६ आठवडे सलग थंडी लागते, दहा अंशांच्या खालची. ती मिळाल्याशिवाय फुलाचा दांडा नीट वर येत नाही. काश्मीरमध्ये शरदात लावलेला कंद बर्फाखाली हिवाळा काढतो आणि मार्चअखेर, एप्रिलमध्ये फुलतो. दिल्लीतले कंद परदेशातून आधीच थंड करून आणलेले असतात, आणि तिथला जानेवारीही आपल्यापेक्षा कितीतरी गार. आपल्याकडे रात्री कुडकुडलो तरी दुपारी ऊन तापतंच. "मावशी, तू परभणीची काळीभोर जमीन आणली असतीस तरी हे फुललं नसतं," तो म्हणाला. आणि पानं हिरवी असताना कापली तर कंदाला अन्न मिळत नाही, हे त्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

पोत्यांवर ना उत्पादकाचं नाव, ना घटकांचं प्रमाण. खताच्या पोत्यावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आत लाल माती आणि नारळाचा भुसा निघाला.

मातीसाठी खरं काय करायचं ते अगदी साधं होतं. हातभर खड्डा खणून पाणी ओतायचं आणि किती वेळात जिरतं ते बघायचं. आमच्याकडे सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत तसंच. मातीवर लिंबू पिळलं तर फसफसलं, म्हणजे चुनखडी. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, गवत पिवळं पडण्याचं ते एक कारण. माती परीक्षण आधी करून घेतलं असतं तर त्या माणसाच्या हाती काहीच उरलं नसतं. आता कडेला दीड फूट खोदून मुरूम काढलाय, शेणखत घालून वाफा उंच केलाय आणि त्यात निशिगंध आणि पावसाळी लिली लावली आहे. हे कंद आपल्या हवेत फुलतात, थंडी मागत नाहीत.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. पावती नसली तरी पैसे पाठवल्याची नोंद, पोत्यांचे आणि कापलेल्या कांद्यांचे फोटो जोडले. पैसे अजून मिळालेले नाहीत, त्याचा फोन लागत नाही. पण तो गावातच आहे. परवा मागच्या गल्लीत एका लॉनवर तशाच लाल टोकाच्या काड्या दिसल्या. मी ओळख नसताना बेल वाजवली आणि त्यांना हे सगळं सांगून आले.