नागपूरच्या बर्डीतलं कॉम्प्युटर रिपेअरचं छोटं दुकान, ४ स्टार

घरचा पीसी 'नो बूटेबल डिव्हाइस' (विंडोज सुरू करायला डिस्कच सापडत नाही) दाखवून अडून बसला, एका ठिकाणी नेला तर न पाहताच एसएसडी (विंडोज अन् डेटा असते ती डिस्क) गेली, नवीन टाका, डेटाचं विसरा म्हणाले. मग मित्रानं सीताबर्डीतलं हे दुकान सांगितलं. इथल्या दादानं स्क्रू खोलायच्या आधी बायोस (विंडोजच्या आधी चालणारी पीसीची मूळ सेटिंग) उघडलं, हेच मला आवडलं. एसएसडी तिथं व्यवस्थित दिसत होती, म्हणजे मेली नव्हती ना भाऊ! तारीख मात्र पार जुनी दाखवत होतं, म्हणजे तारीख अन् सेटिंग सांभाळणारा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला, सेटिंग रीसेट होऊन बूट मोड लेगसीवर, म्हणजे पीसी सुरू करायच्या जुन्या पद्धतीवर गेला, आणि विंडोज जीपीटी (नव्या पद्धतीनं विभागलेल्या) डिस्कवर असलं की ते यूईएफआय या नव्या बूट मोडशिवाय चालूच होत नाही. सेल बदलला, मोड यूईएफआय केला, बूट ऑर्डरमध्ये (आधी काय सुरू करायचं त्या यादीत) विंडोज बूट मॅनेजर वर घेतला, झालं काम, फॉरमॅट मारायची गरजच नाही पडली. वरून बॅकअप काऊन नाही घेत म्हणून मलाच झापलं.

बाकी जागा एवढीशी, उन्हाळ्यात कूलर असूनही घाम निघते, अन् पार्किंगचं तर बर्डीत विचारूच नका, मेट्रोनं गेलेलं बरं. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, एक स्टार त्याचाच कापला.