आईबरोबर अख्खा दिवस सह्याद्री वाहिनी बघितली, त्याबद्दल

आमच्याकडं मागच्या महिन्यात डिशचा रिचार्ज संपला आणि यावेळी आईनं तो भरूच दिला नाही. म्हणाली ती दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री बसवून घे, एकदाच काय लागंल ते दे आणि विषय संपव. बसवली. मग शनिवारी मी सुट्टीवर होतो तर सकाळपासून रात्रीपर्यंत आईसोबत सह्याद्रीच लावून ठेवलं, म्हटलं बघू तरी काय काय असतंय दिवसभर.

आधी आमच्या घरचं सांगतो, म्हणजे मला सह्याद्री का आवडलं ते कळंल. आई विड्या वळती. समोरच्या अक्का पण दुपारी त्यांचं सूप घेऊन आमच्याकडंच येतात, त्यांची घरची भाषा तेलुगू. दोघींचे डोळे सुपात, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, टीव्हीकडं बघायला वेळच नसतो, टीव्ही ऐकायचा असतो. आणि इथंच मला सह्याद्री लई आवडलं. सिरीयलमध्ये नुसतं ढॅण ढॅण वाजतंय आणि तीन-तीन वेळा तोंडं दाखवतात, ऐकणाऱ्याला काय कळणार? इथं माणूस वाक्य पूर्ण बोलतो, समोरचा त्याला पूर्ण बोलू देतो.

सकाळी अभंग होते, पखवाजाचा आवाज एकदम स्वच्छ. त्यानंतर बायकांचा गप्पांचा कार्यक्रम, त्यात रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असल्यावर काय खावं हे एक डॉक्टर बाई सांगत होत्या, बाजरी, हळीव, पालेभाजी, वर लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागतं, आणि जेवणाबरोबर चहा नको. आईचा हात थांबला तो तेवढ्यापुरता. ती भाकरीबरोबरच चहा घेती, कित्येक वर्षं. मी सांगून कधी ऐकलं नाही, त्या बाईंचं ऐकलं, रविवारी चहा अर्धा-पाऊण तास उशिरा घेतला.

दुपारी जुनं नाटक होतं. ठीक होतं, आवाज जरा खोल. अक्कांना त्यातलं मराठी जड गेलं तेव्हा मी त्यांना डीडी यादगिरी लावून दिलं, म्हणजे तेलंगणाचं दूरदर्शन. आंध्रचं सप्तगिरी आहे, कन्नडवाल्यांना चंदना आहे, सगळं त्याच छत्रीवर आणि महिन्याचा एक रुपया नाही. आपल्या सोलापुरात एकाच गल्लीत तिन्ही भाषा बोलणारी घरं असतात, तर ह्या गावाला ही सोय जितकी उपयोगी तितकी दुसऱ्या कुठल्या गावाला क्वचितच असंल.

आता संध्याकाळचं. ‘आमची माती आमची माणसं’सारखा शेतीचा कार्यक्रम होता आणि त्यात नेमका डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा विषय निघाला. माझ्या मामाची सांगोल्याकडं बाग आहे, मी लगेच फोन लावून त्याला सांगितलं लाव म्हणून. त्यात सांगितलेलं की हा रोग जिवाणूमुळं होतो, पावसाच्या थेंबांबरोबर उडून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, म्हणून छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करून घ्या, आणि तेलकट डाग पडलेली फळं बांधावर टाकून देऊ नका, गोळा करून जाळा. मामा म्हणला आम्ही बांधावरच टाकत होतो की रे. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या सोलापुरातच केगावला आहे, पण मामाच्या घरात ही गोष्ट त्या अर्ध्या तासात पोचली.

सातच्या बातम्या म्हणजे आईची जुनी सवय. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, स्मिता पाटील पण सिनेमात यायच्या आधी तिथं बातम्या वाचायच्या, हे मला आईनंच सांगितलं. चार माणसं एकदम ओरडत नाहीत, बातमी झाली की पुढची बातमी. फक्त मला वाटतं जिल्ह्यांना अजून वेळ मिळायला पाहिजे. आषाढीला पंढरपूरची महापूजा लाइव्ह दाखवतात तेव्हा आमची अख्खी गल्ली पहाटे उठून बघती, तसं इथल्या यंत्रमागावर, विडी कामगार बायकांवर, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेवर निवांत तासभराचं काही केलं तर लोक बघतील, मनापासून बघतील.

रात्री शास्त्रीय गाणं होतं. मला त्यातलं काही कळत नाही, पण आई विड्यांच्या शेवटच्या जुड्या मोजत होती आणि मोजता मोजता दोनदा आकडा चुकली. टीव्ही बंद करू का विचारलं तर म्हणाली राहू दे, मी परत मोजते.

कुणाला छत्री बसवायची असंल तर आपल्या सोलापुरातून तिचं तोंड आग्नेयेला ठेवावं लागतं, त्या बाजूला पाण्याची टाकी येणार नाही असं बघा. जोराचा पाऊस आला की चित्र जातं, पाऊस ओसरला की आपोआप येतं, तेवढ्यासाठी छत्री हलवू नका.